पाचगणीची धुराडी आणि आमची वाटचाल

पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांतल्या फायरप्लेस आम्ही दुरुस्त करतो. वडिलांनी आणि मामांनी मिळून काम सुरू केलं. जांभ्याच्या बांधकामात वडिलांचा हात बसलेला, धुराड्याचं गणित मामांचं. मामांचा ओळंबा, थापी आणि काठीला बांधलेला दाढीचा आरसा आजही आमच्या पिशवीत असतो. आरसा शेकोटीच्या तोंडातून आत सरकवून तिरका धरायचा. आभाळाचा चौकोन पुरा दिसला तर धुराडं मोकळं. कोपरा झाकलेला दिसला की काजळी धरलीय, नाहीतर साळुंकीनं घरटं केलंय.

पुढची बरीच वर्षं कामं मिळत गेली. सांगायचं आहे ते एका हॉटेलचं.

जुन्या बंगल्याचं हॉटेल झालं, धुराडं आम्ही नीट करून दिलं. आतून नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ चौरस इंच. शेकोटीचं तोंड ३० बाय २७, म्हणजे ८१०. एकास दहा, चोख प्रमाण. मग शहरातला एक इंटिरियरवाला आला. फोटोत भारदस्त दिसावं म्हणून त्यानं तोंड फोडून ४८ बाय ३६ केलं, दुपटीहून मोठं. धुराडं तेवढंच! शिवाय खिडक्यांना घट्ट स्लायडिंग आणि शेजारच्या किचनमध्ये दांडगा एक्झॉस्ट. बाहेरची हवा यायला वाट उरली नाही, तेव्हा पंख्यानं ती धुराड्यातूनच खाली ओढली, धुरासकट. नाताळात हॉल धुरानं भरला आणि खापर आमच्यावर फुटलं. बिल अडकलं. बाजारात आमचं नाव त्याच माणसानं खराब केलं, ते अजून झोंबतं. पुढे कामंच येईनात, परांचीचं सामान विकायला काढलं होतं.

तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या वडिलांच्या वेळच्या गिऱ्हाईक, पाचगणीच्या एक पारशी बाई. ओळखीच्या बंगलेवाल्यांना त्या स्वतः फोन करायच्या, "आधी यांना दाखवा, मग बोला."

हॉटेलात नवे मॅनेजर आल्यावर आम्हालाच बोलावलं. मी उदबत्ती तोंडाशी धरली, धूर खोलीत वळला. एक्झॉस्ट बंद करून खिडकी चार बोटं उघडली, तसा तो आत ओढला गेला. मग तोंड मूळ मापावर आणलं. शोभा गेली म्हणणारे भेटतातच. पण १७९६च्या सुमारास लंडनमध्ये काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानंही शेकोट्यांची तोंडं आणि गळे, म्हणजे तोंडावरून धुराड्यात जाणारी वाट, आखडूनच धूर बंद केला होता. जुनं बिल मात्र आजवर मिळालेलं नाही.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ओलं जांभळीचं लाकूड जाळू नका, वर्षभर आडोशाला वाळू द्या. धुराडं छपराबाहेर निदान तीन फूट हवं, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग येईल त्याच्याहून दोन फूट उंच. पावसाळ्यात वर बांधलेलं प्लास्टिक सोडल्याशिवाय काडी लावू नका. पेटवण्याआधी कागदाची चूड गळ्याशी धरा, आतली गार हवा हलते. आणि ऊब राहावी म्हणून निखारे धुमसत असताना झडप लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.