स्टीलचा ग्लास

‘स्टीलचा ग्लास’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. पदार्थ ती काच आणि प्यायचं भांडं तो ग्लास, अशी वाटणी मराठीने केव्हाच करून टाकली. म्हणून ग्लास पितळेचा चालतो, कागदाचाही. पेला बिचारा मागे पडला.

पण घोडबंदर रोडला नव्या फ्लॅटचं काम चाललं असेल तिथे ‘ग्लास कधी येणार?’ म्हणजे बाथरूमचं पार्टिशन. इथे शब्द लिंगही बदलतो. पाण्याचा तो ग्लास, पण बऱ्याच जणांच्या तोंडी पार्टिशनची ती ग्लास, काचेच्या वळणावर गेलेली. ही ग्लास टफनच हवी, ८ किंवा १० मिलिमीटर. टफन करताना साधी काच सव्वासहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार करतात. वरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो आणि वरच्याला कायमचा आवळून धरतो. ताकद येते ती या ओढाताणीतून. म्हणूनच टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. बिजागरी-हँडलची भोकं आधीच पाडायची. माप चुकलं की अख्खी ग्लास वाया. टाइल लावलेली भिंत ओळंब्यात क्वचितच असते, तेव्हा रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्यावी, सगळ्यांत कमी धरावी आणि सिलिकॉनसाठी फट सोडावी. कोपरा हा या ग्लासचा दुखरा भाग. नुसत्या टाइलवर टेकवली नि कोपरा आपटला, की क्षणात चुरा. खाली लाकडी पट्टी हवीच.

मोबाइलच्या ग्लासवरचं ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप, हिऱ्याच्या जवळपासचं नव्हे. खिशातली वाळू तिला खुशाल ओरखडते.

काच पुल्लिंगी झाला की मात्र वेगळाच: दोरीचा काच, सासुरवासाचा काच. काचबिंदू तर डोळ्यातला.

उरला कटिंगचा ग्लास. बूड जाड, म्हणून दणकट वाटतो. पण उकळता चहा पडला की आतली बाजू फुगते, बाहेरची गारच राहते आणि बुडाशी तडा जातो. पातळ ग्लास अशा वेळी तग धरतो. तेव्हा गार पाण्यात विसळलेल्या ग्लासात आधी घोटभर चहा घालून फिरवावा, मग भरावा.