सात सेकंदांची शांतता

ताई आणि मी दर रविवारी रोजच्या जगण्याविषयीच्या गप्पांचा पॉडकास्ट करतो, आणि आमची खरी अडचण विषयांची नसून एकमेकांचे वाक्य तोडण्याच्या जुन्या सवयीची आहे. एरवी ती खपून जाते. परंतु एकाच माइकवर दोन आवाज एकमेकांवर चढले, की संपादन करताना ते वेगळे काढणे फार कठीण जाते. म्हणून आता आम्ही दोन मोबाइलवर स्वतंत्र रेकॉर्डिंग करतो आणि सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवतो, कारण ध्वनिलहरींच्या आलेखात त्या टाळीचे उंच टोक स्पष्ट दिसते व दोन्ही रेकॉर्डिंग त्यावर जुळवता येतात. (तासाभरात दोन्ही यंत्रांची घड्याळे किंचित मागेपुढे होतात, हे मात्र तिसऱ्या भागात कळले.) उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, त्यामुळे कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी टाकून आम्ही त्याच्यासमोर बसतो.

गेल्या भागात हरवलेल्या वस्तूंवर बोलताना, लहानपणी तिच्या सायकलची किल्ली मीच लपवली होती, हे ताईने अचानक उकरून काढले आणि मी सात सेकंद गप्प झालो. ती शांतता कापावी, असे माझे मत होते. संपादन ताईकडे होते.