मधात कूलर

मे महिना, दुपारचे अडीच. बाहेर नागपूर ४५ अंशांवर आणि आत माझ्या लॅपटॉपवर ते गोल फिरणारं चक्र. पंधरा दिवस झाले, हेच चाललं होतं. एप्रिलमध्ये धडधाकट असलेलं नेट उन्हाळा चढू लागला तसं माणसासारखं मलूल पडत गेलं.

आधी सगळे जे करतात ते केलं. राउटर बंद, दहापर्यंत मोजलं, चालू. मग फोन बंद-चालू. मग पुन्हा राउटर, या खेपेला वीसपर्यंत मोजून, कारण मघाशी आपणच घाई केली असं वाटत राहतं. दिवे सगळे हिरवे. लाल लागला असता तर बरं झालं असतं. लाल म्हणजे सिमेंट रस्ता करणाऱ्यांनी कुठेतरी वायर तोडली, आपला काही दोष नाही, दोन दिवस निवांत. हिरवा दिवा मात्र सरकारी बाबूसारखा बघत असतो, माझ्याकडचं काम झालंय, तुमचं तुम्ही बघा.

मग लॅपटॉप उचलून हॉलमध्ये गेलो आणि राउटरला थेट वायर जोडली. नेट भरधाव! म्हणजे दारापर्यंत सगळं नीट येत होतं, दारापासून माझ्या खोलीपर्यंतच्या पंचवीस फुटांत हरवत होतं. हा फरक मी आईला समजावून सांगायला गेलो, ती नसती उठाठेव होती. तिच्या लेखी 'वायफाय गेलं' यात सगळं येतं. रिचार्ज संपलं तरी वायफाय गेलं, फोन चार्ज नसला तरी वायफाय गेलं, बहिणीने फोन उचलला नाही तरी तिचं वायफाय गेलं असेल.

शेवटी केबलवाल्याचा पोरगा आला. त्याने पाणी मागितलं, दोन ग्लास प्यायला, हॉलभर नजर फिरवली आणि हसला.

"काका, राउटर तिथं कोणं ठेवला?"

तिथं म्हणजे कोपऱ्यात, स्टुलावर, कूलरला अगदी खेटून. मी तो कायम टीव्हीच्या शोकेसवर पाहिलेला. जोडणी करताना इतका वेळ त्याच्याजवळ बसलो होतो, पण तो जागेवरून हलला आहे हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. घरातल्या वस्तूंकडे आपण बघतो कुठे?

"मी ठेवला," आई म्हणाली. "हात लावून बघ, केवढा तापतो तो. रात्रंदिवस चालू. बिचाऱ्याला जरा हवा लागू दे."

"आजी, हवा लागते ना जी, पण काकांच्या खोलीच्या अन् याच्या मधात कूलर येऊन राह्यला. नेट कसं चालन? उन्हाळ्यात आपल्या इथं रोज दोन-तीन कंप्लेंटी ह्याच्याच राह्यतात."

आमचा कूलर जुन्या पद्धतीचा, पत्र्याचा. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली कमरेएवढी टाकी. फेब्रुवारीअखेर माळ्यावरून उतरतो, मग ताट्या बदलणं, टाकीला डांबर लावणं, पंपाचा गाळ काढणं असा सगळा सोहळा होतो. वायफायला वाटेत आडवं येऊ नये अशा दोनच गोष्टी सांगतात, एक लोखंड आणि दुसरी पाणी. लोखंडावरून लहर उलटी फिरते, पाण्यात ती विरून जाते. कूलर म्हणजे दोन्हींचा चारचाकी समुच्चय, वर ओलं गवत. पाणी तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण याच पट्टीत चालते, २.४५ गिगाहर्ट्झवर. म्हणजे पंधरा दिवस मी मीटिंगमध्ये जे काही पोटतिडकीने बोलत होतो, ते कूलरच्या टाकीतलं पाणी तापवण्यात खर्ची पडत होतं. राउटरची ताकद वॅटच्या एखाद्या दशांशाची, तेव्हा पाण्याला त्याचा पत्ताही लागला नसणार. मीटिंगमधल्या लोकांना तरी कुठे लागतो म्हणा.

पोराने राउटर परत शोकेसवर ठेवला. मी त्याच्या दोन्ही दांड्या माझ्या खोलीकडे रोखून ठेवल्या होत्या, बंदुकीसारख्या. त्याने त्या सरळ उभ्या केल्या. लहर दांडीच्या अंगातून चहूबाजूंना पसरते, टोकातून जवळजवळ काही निघत नाही. म्हणजे इतके दिवस मी नेमका स्वतःवरच कोरडा नेम धरून बसलो होतो. मग त्याने फोनवर शेजाऱ्यांची सगळी वायफायं दाखवली. आमच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत एकूण तेरा चॅनेलं, पण एकमेकांच्या पायात न येणारी तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत सगळे सहावर गर्दी करून बसलेले. त्याने आम्हाला अकरावर नेलं. आणि पाचवालं, म्हणजे पाच गिगाहर्ट्झचं, सिग्नल जवळून पळतं पण भिंतीपाशी दमतं, तुमच्या खोलीत दोन पॉइंट चारच लावा, असं सांगून तो निघाला. 'टू पॉइंट फोर' म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलं असेल कोण जाणे, पण नागपूरचा उन्हाळा त्याला पाठ होता.

तो गेल्यावर आईने राउटरला पुन्हा हात लावून पाहिला. "तापतोयच," ती म्हणाली. मला उगाच वाटलं म्हणून मी राउटरचं माहितीपत्रक काढलं. बारीक अक्षरात छापलेलं: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश. म्हणजे मे महिन्याच्या नागपुरात या यंत्राची ड्युटी लावू नका, असं कंपनीनेच लिहून दिलंय. आईने न वाचता ते ओळखलं होतं.

कूलर आणि लहरी यांचं आमच्या घरात पहिल्यापासून वाकडं आहे. आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात राहायचो, दीड खोली, आणि घरात एक ट्रान्झिस्टर, चामड्याच्या पिशवीतला, पिशवीला बारीक भोकं. संध्याकाळी बातम्यांच्या आधी बाबा तो खिडकीत ठेवत आणि काटा फिरवत. काटा कुठे थांबायचा ते मला पाठ होतं, ५८५. निवेदक दोन्ही आकडे सांगायचा, किलोहर्ट्झ आणि मीटर, आणि ते ५१२.८ मीटर ऐकून मला वाटायचं की आकाशवाणी आमच्या घरापासून तितकी लांब आहे. पुढे शाळेत कळलं की ती एका लाटेची लांबी. अर्ध्या किलोमीटरची एक लाट! आमच्या गल्लीच्या तोंडापासून चौक ओलांडून पार पलीकडे जाईल एवढी. तिला आमची दीड खोली दिसली तरी असेल का? वायफायची लाट साडेबारा सेंटिमीटरची, साबणाच्या वडीहून जरा मोठी. एवढीशी ती, कूलरच्या पत्र्यासमोर काय टिकणार? १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहर भिंतीआडून पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या वाटेत आमचा कूलर नव्हता.

पण त्या अर्धा किलोमीटरच्या लाटेचंही कूलरपुढे काही चालायचं नाही. कूलर सुरू झाला की रेडिओत जे घर्रघर्र उठायचं त्यात निवेदक बुडून जायचा. आमचं वायरिंग जुनं, कूलरचं बटण सैल, त्याला हात लावला की आत निळी ठिणगी दिसायची. ठिणगी म्हणजे एक भिकार रेडिओ स्टेशनच, सगळ्या पट्ट्यांवर एकदम खरखरणारं. बाबांनी मान न वळवता फक्त एक बोट वर करायचं. आई स्वयंपाकघरातून येऊन बटण बंद करायची. मग पाण्याची टपटप थांबायची, आणि बातम्या संपेपर्यंत सगळं घर घामाच्या धारांत बसायचं. कुणी काही बोलायचं नाही. बाबा ऐकताना डोळे मिटून घ्यायचे आणि बनियनने मान पुसायचे. आई दारात उभी, पदराने वारा घेत. बातम्यांत काय होतं त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. बातम्या संपल्या की बाबा म्हणायचे, "लाव," आणि पहिला ओला, मातकट वाळ्याचा वास तोंडावर यायचा.

हे सगळं आता का आठवलं ते सांगतो. परवा मीटिंग सुरू होती. नेट चांगलं चाललं होतं, अकरा नंबरवर, एकदाही अडखळलं नाही. मध्येच लक्षात आलं की घरात काहीतरी बदललंय. कूलरचा आवाज थांबला होता. वीज गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. मी आवाज बंद करून हॉलमध्ये डोकावलो. आई सोफ्यावर बसली होती, हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घेत. तिचं कपाळ घामाने डबडबलेलं.

"कूलर का बंद केलास?"

"तुझं बोलणं चाललंय ना."

मी तिला सांगितलं. कूलरच्या मोटरचा वायफायशी काही संबंध नाही, तो पत्र्यामुळे आणि पाण्यामुळे अडचण करत होता, ते आपण दूर केलं, आता चालू असो की बंद, काही फरक पडत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"असू दे," ती म्हणाली. "बंद असलेला बरा. तू जा, लोक थांबलेत."

मी खोलीत गेलो. मीटिंग आणखी पंचवीस मिनिटं चालली.