कोटा-नागदा: ट्रायल बघायची तर गाडी थांबल्यावर

कोटा-नागदा रेल्वेमार्गावर गाडीची वेगचाचणी, म्हणजे ट्रायल, बघायला गेलो होतो. त्या मार्गावरच्या शामगढपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उतरल्यावर सगळ्यांसारखाच मीही रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर गेलो, आणि ट्रायलचे फोटो काढायला पूल ही सगळ्यात वाईट जागा, हे माझं मत तिथे आणखी पक्कं झालं.

गाडी अमृत भारत एक्स्प्रेसच्या धर्तीची पुश-पुल, म्हणजे एक इंजिन ओढतं, दुसरं ढकलतं: दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-५ जातीचं विजेचं इंजिन, मध्ये २२ डबे. ताशी १३० किलोमीटरच्या वेगाला मान्यता हवी असेल तर चाचणी साधारण दहा टक्के जास्त वेगाने होते. १४४ धरा, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. १/१००० सेकंदाच्या शटरला इंजिन ४ सेंटिमीटर सरकतं. समोरून तिरकस घेतलं तर चालतं, आडवं घ्यायचं तर १/२५०० लागतं. सेकंदाला दहा फ्रेमचा बर्स्ट असला तरी दर फ्रेमला गाडी ४ मीटर पुढे. सरळ मार्गावर ओएचईच्या (इंजिनाला वीज देणाऱ्या वरच्या तारांच्या) दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर, तेव्हा मोकळं इंजिन मिळतं ते जेमतेम पावणेदोन सेकंद. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, नाहीतर आडव्या फोटोत डबे एका बाजूला कललेले येतात. गाडीची लांबी साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून पुढचं इंजिन गेल्यावर मागचं यायला १४ सेकंद मिळतात. तेवढ्यात वळून नवी फ्रेम लावून होते. आपल्या बाजूचे रीलवाले मात्र पुढचं इंजिन गेलं की कठड्यावरून ओरडत पळतात आणि मागच्या फोटोत नेमके त्यांचेच हात येतात.

एवढं करून हाती काय? गोठलेली गाडी. १/२५०० ला १४४ आणि शून्य सारखेच दिसतात. वेग हवाच असेल तर १/१२५ ला पॅनिंग करा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवा; दहातला एखादा जमतो.

खरी ट्रायल दिसते ती गाडी स्टेशनात थांबल्यावर. अ‍ॅक्सल बॉक्सजवळ (चाकाच्या आसाच्या टोकाशी) बसवलेले सेन्सर, तिथून बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) कडेने टेपने चिकटवत वर नेलेल्या केबल, त्या खिडकीच्या फटीतून आत आरडीएसओच्या (रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या) यंत्रांपर्यंत. डब्यांत माणसांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या, अगदी सीटवर रचलेल्या. नेहमीच्या गाडीत यातलं काही दिसणार नाही. प्लॅटफॉर्मवरून २४-७० लेन्स पुरते. काचेतून घेताना लेन्स काचेला टेकवा, नाहीतर फोटोत आपलंच तोंड.

या इंजिनांना निमुळती कॅब बाहेरच्या टोकालाच, डब्याकडची बाजू सपाट. मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. हिवाळ्यात दुपारी दक्षिणेकडच्या इंजिनाच्या तोंडावर ऊन असतं, उत्तरेकडचं सावलीत. त्याच्यासाठी उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळच बरी. रामगंज मंडीकडे कोटा स्टोनची धूळ इतकी, की तिथे लेन्स बदलू नये.

ट्रायल स्पेशल प्रवाशांच्या वेळापत्रकात नसते. पण ती त्याच पट्ट्यात पुन्हापुन्हा ये-जा करते, म्हणून एक फेरी हुकली तर घाबरायचं कारण नाही. भवानी मंडीची संत्री खात बसा. नागपूरची सर नाही, पण वेळ जातो. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, आणि चांगल्या कोनासाठी रुळात उतरू नका: रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे, आणि ट्रायलच्या दिवशी आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान नेहमीपेक्षा जास्त असतात.