स्पंजची ती नळी मीच काढून टाकली होती

मागच्या जुलैतला सोमवार होता, पाऊस धो धो. आमचं रिपेरिंगचं छोटं दुकान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या जवळ आहे. बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, वजनकाट्याचे डिस्प्ले असं सगळं येतं आमच्याकडे, पण माझा जीव स्कॅनरमध्ये, १७ वर्षं तेच उघडतोय. तर त्या दिवशी सकाळी लोणीकंदच्या एका गोडाऊनमधून टेम्पोवाला एक खोका टाकून गेला, त्यात ९ स्कॅनर, प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर कामगाराचं नाव आणि खाली एकच शब्द, "पाडला".

थोड्या वेळाने सुपरवायझरचा फोन. म्हणाला, दादा, फक्त रिपोर्टमध्ये फिजिकल डॅमेज असं स्पष्ट लिहा, म्हणजे आम्हाला पगारातून कापता येतं, दोघातिघांचं तर मागच्या महिन्यातच कापलंय, बाकीच्यांचं आता कापू. मी हो म्हटलं. असं लिहून द्यायची सवयच झालेली असते आम्हाला, बॉडीवर ओरखडा दिसला की फिजिकल डॅमेज, वॉरंटीचा विषय संपला.

नऊच्या नऊ मशीनचं दुखणं एकच. ट्रिगर दाबला की क्षणभर लाल ठिपका दिसतो आणि विझतो, रेघ येतच नाही. ज्यांनी हे मशीन आतून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, लेझर स्कॅनरमध्ये रेघ मारणारा लाइट वगैरे काही नसतो, लेझरचा एक ठिपका असतो फक्त, तो एका छोट्या आरशावर पडतो आणि आरसा डावीकडे उजवीकडे इतक्या जोरात डोलतो की आपल्या डोळ्याला सलग रेघ दिसते. या मॉडेलमध्ये सेकंदाला १०० रेघा, म्हणजे आरशाची ५० डोलणी. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट किरण फिरतो, त्यामुळे आरशाला फार हलावं लागत नाही. आरशाच्या मागे एक बारका चुंबक, समोर कॉइल, आणि हे सगळं लटकलेलं असतं दोन पातळ पट्ट्यांवर, आमच्या या मशीनमध्ये त्या प्लास्टिक फिल्मच्या होत्या, काहींमध्ये धातूच्या असतात. बेअरिंग नाही, तेल नाही, घासणारं काहीच नाही. पट्टी फक्त वाकते आणि सरळ होते. एक तास सलग ट्रिगर दाबून ठेवला तर १,८०,००० वेळा वाकते आणि तरी वर्षानुवर्षं काही होत नाही, कारण वाकणं अगदी थोडं असतं. मला अजूनही हे उघडून बघताना भारी वाटतं, खरंच.

आणि ठिपका का विझतो, तर तेही मुद्दाम केलेलं आहे. आरसा हलत नसेल तर लेझरचा सगळा जोर एकाच जागी पडतो, कोणाच्या डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून सर्किट बघतं की आरसा हलतोय का, नसेल तर लेझर बंद. म्हणजे ठिपका येऊन विझला की आम्ही समजतो, आरसा गेला.

पहिल्या चार मशीन उघडल्या, चारही मशीनच्या पट्ट्या फाटलेल्या, आरसा आत खुळखुळतोय. चार रिपोर्ट लिहिले. फिजिकल डॅमेज, फिजिकल डॅमेज, सही, शिक्का. पाचवं मशीन उघडलं तेव्हा पाऊस जरा थांबला होता आणि दारातून चांगला उजेड येत होता, त्या उजेडात आरशाच्या होल्डरमधून आरपार गेलेली पिन दिसली. स्टीलची, उघडी, चकचकीत. त्या पिनवर काहीतरी असायला हवं होतं. आणि मग लक्षात आलं की ती पिन अशी चकचकीत आयपीएने, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलने, पुसून कोणी केली होती. मीच.

पोटात गोळा आला. रजिस्टर काढलं. आदल्या नोव्हेंबरमध्ये याच गोडाऊनची १४ मशीन आली होती, तक्रार होती आरसा जाम, रेघ अर्धवट येते. त्या पिनवर स्पंजची एक बारीक नळी होती, ती विरघळून गुळासारखी चिकट झालेली आणि आरशाचा होल्डर तिला चिकटत होता. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातले बूट बाहेर काढले की सोल भुगा होऊन पडतो ना, तोच प्रकार, पॉलियुरेथेनचं काही मटेरियल दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की त्याची रचनाच तुटत जाते, कुठे भुगा होतो, कुठे चिकट लगदा. मी ती नळी खरवडली, आयपीएने पुसलं, आरसा मस्त डोलायला लागला, बेंचवर प्रत्येक बारकोड पहिल्या फटक्यात वाचला. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "मिरर जाम, सफाई केली, ओके". चौदा वेळा.

नऊ सीरियल नंबर त्या चौदाशी लावून बघितले. नऊच्या नऊ त्यातलेच. गोडाऊनमध्ये एकूण मशीन ४०, त्यातली २६ नंतरच्या लॉटची, ज्यांना मी हात लावलेला नाही, तीच फरशी, तेच लोक, तेच पाडणं, आणि त्यातलं एकही मशीन पट्टी तुटून आलेलं नाही.

ती नळी कशाला असते हे मला नीट माहीत नव्हतं, मी ती आवाज कमी करायला असेल असं धरून चाललो होतो. पूर्ण विचारच केला नव्हता. बेंचवर मशीन चाललं की ओके, एवढीच माझी परीक्षा होती, आणि बेंचवर मशीन पडत नाही.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून कागदावर हिशेब मांडला. खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.५ मीटरवरून मशीन सुटलं तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला ५.४ मीटर होतो, ताशी १९-२० किलोमीटर. गोडाऊनची फरशी ट्रिमिक्स, म्हणजे कडक गुळगुळीत काँक्रीट, ती काही दबत नाही. आता मशीन किती अंतरात थांबतं यावर सगळं अवलंबून. उंची भागिले थांबायचं अंतर, एवढं सोपं गणित आहे, १.५ मीटर भागिले १ मिलिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १५०० पट झटका. तेच ५ मिलिमीटरमध्ये थांबलं तर ३०० पट. बाहेरचं जाड रबरी कव्हर, आतल्या इंजिनखालचे, म्हणजे लेझर आणि आरशाच्या संचाखालचे, रबरी वायसर, हे सगळे ते अंतर वाढवायला असतात. आरसा आणि चुंबक मिळून सोनाराच्या काट्यावर २ ग्रॅम भरले. १५०० पट म्हणजे त्या क्षणापुरतं वजन ३ किलो. केसापेक्षा थोड्याच जाड अशा दोन पट्ट्यांना ३ किलोचा हिसका, कशा टिकणार त्या?

त्या टिकाव्यात म्हणूनच ती पिन असते. कंपनीच्या डिझायनरने काय सुंदर विचार केलाय बघा. होल्डरला भोक, भोकातून पिन, मध्ये अगदी बारीक फट, आणि पिन आहे आरशाच्या डोलण्याच्या अक्षाच्या अगदी जवळ. दार उघडताना कड हातभर फिरते पण बिजागरीपाशी दार जेमतेम हलतं, तसंच इथे, आरसा रोजचं डोलतो तेव्हा अक्षाजवळ हालचाल इतकी कमी की पिनला स्पर्शही होत नाही. पण मशीन आपटलं की आरसा डोलत नाही, तो अख्खाच्या अख्खा एका बाजूला सरकतो, आणि सरकला की लगेच पिनवर टेकतो. म्हणजे हिसका पट्टीवर जातच नाही, पिनवरून चेसिसमध्ये जातो, आणि मधली मऊ नळी तो टेकणंही हलकं करते. रोजच्या कामाला मोकळीक आणि पडताना आधार, दोन्ही एकाच फटीत बसवलंय. नळी असताना फट ०.३ मिलिमीटर होती, मी नळी काढल्यावर १ मिलिमीटरच्या वर गेली. तेवढ्यात पट्टी ताणून फाटायला भरपूर जागा झाली.

पडणं हे हातातल्या स्कॅनरचं रोजचंच काम आहे असं माझं मत आहे. २६ जून १९७४ ला ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा स्कॅनर काउंटरमध्येच बसवलेला होता, तो पडणार कुठून. मशीन माणसाच्या हातात आलं तेव्हापासून पडणं आलं, आणि माणूस दिवसभर शिडी चढउतार करत रॅकवरची लेबलं मारत असेल तर हात सुटणारच की. आता कॅमेरावाले स्कॅनर आलेत, त्यांच्यात हलणारा आरसाच नाही त्यामुळे हे दुखणं नाही, मोबाइलवरचा क्यूआरही वाचतात, पण त्या गोडाऊनमध्ये लेझरच होते आणि ४० मशीन एका दिवसात कोणी बदलत नाही.

हिशेब एक गोष्ट, मला डोळ्याने बघायचं होतं. दुकानात त्याच मॉडेलची दोन जुनी मशीन होती. एकात पिन उघडी ठेवली. दुसऱ्याला नळी हवी, ती कुठून आणायची, तर समोरच्या दुकानातून सिलिकॉनची वायर आणली, ड्रोन-बॅटरीवाले पोरं घेतात ती मऊ वायर, तिच्यातली तार ओढून काढली की राहतं ते आवरण म्हणजे आयती नळी. सिलिकॉन दमट हवेने चिकट होत नाही. गॅरेजवाल्याकडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, आणलं आणि फट ०.३ ला लावली, आमचा दुकानातला पोरगा हात थरथरतोय म्हणून तीनदा चुकला, चौथ्यांदा बसली. मग टेपने १.५ मीटर मोजून काँक्रीटच्या पायरीवर टाकायला सुरुवात केली, एकदा तोंडावर, एकदा पाठीवर, एकदा कुशीवर. उघड्या पिनचं मशीन तिसऱ्यांदा पडल्यावर गेलं, ठिपका आला आणि विझला. नळीवालं ३० वेळा टाकलं. बॉडीचा कोपरा उडाला, रेघ तशीच्या तशी. दोन मशीनवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण रजिस्टर आणि हे दोन्ही मिळून माझ्यासाठी पुरेसं होतं. ते चार लिहिलेले रिपोर्ट फाडले.

दुसऱ्या दिवशी गाडीवरून लोणीकंदला निघालो, वाघोलीत नेहमीसारखं पाऊण तास अडकलो, रेनकोटमध्ये घामाने आणि पावसाने दोन्हीकडून भिजलो. डोक्यात एकच, हे तोंडाने कसं सांगायचं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून विचारतात एवढी मशीन का मरतात म्हणून. मी त्याच्या टेबलावर रजिस्टर उघडून ठेवलं, चौदा नंबर, नऊ नंबर, फाटलेली पट्टी, उघडी पिन, सगळं दाखवलं. म्हटलं, साहेब, मशीन पडली हे खरं, पण पडून मेली नसती, मी त्यांचा आधार काढून घेतला होता.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, दादा, तुम्ही कशाला स्वतःच्या गळ्यात घेताय, पोरं आपटतातच की. मी म्हटलं आपटतात, पण बाकीची २६ पण आपटतात ना, त्यातली किती आली माझ्याकडे? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाला कापलेले पैसे परत द्यायचे तर वर लिहावं लागेल, कारण काय लिहू? मी लेटरहेड नेलंच होतं, तिथेच बसून लिहून दिलं की बिघाड आमच्या आधीच्या दुरुस्तीमुळे झालेला आहे, वापरणाऱ्याची चूक नाही, ९ मशीन विनाशुल्क करून देऊ आणि उरलेली ५ अजून चालू आहेत ती आजच माझ्याकडे द्या, तीही पडतील तेव्हा जातीलच. मालक असा कागद लिहायला निघालाय म्हणून आमचा पोरगा आदल्या रात्री माझ्यावर चिडला होता, शेजारचा दुकानदार तर म्हणाला धंदा बंद कर. असो.

निघताना एका बाईंनी थांबवलं. वय पन्नासच्या आसपास, गळ्यात आयकार्ड. एका चिठ्ठीवर त्यांचं नाव होतं, मागच्या महिन्यात त्यांचे १,२०० कापले होते. म्हणाल्या, दादा, माझ्या हातून सुटला तो, पण अंगठ्याएवढ्या उंचीवरून हो, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून, मी सांगत होते सगळ्यांना, एवढ्याशाने कसा जाईल. कोणी ऐकलं नाही. मी म्हटलं, ताई, तुमचं बरोबर होतं. एवढंच बोलता आलं मला.

चौदा मशीन करायला मला अकरा दिवस लागले. प्रत्येकाची फट गेजने मोजली आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. आता बेंचवर वाचून झालं की प्रत्येक मशीन तीन वेळा पायरीवर टाकतो आणि परत वाचतो, गिऱ्हाईक समोर असेल तर आधी सांगून, नाहीतर त्याचा जीव जातो. ऑगस्टच्या पगारात तिघांचे पैसे परत आले असं सुपरवायझरने फोनवर सांगितलं. त्या ताईंचे आले का हे मी वेगळं विचारलं, तो म्हणाला हो, त्यांचेच पहिले.