‘पीअर’: बरोबरीचा, पण कोणाच्या?

वर्गातला सोबती हा ‘पीअर’ आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला उमरावही ‘पीअर’. हे दोन वेगळे शब्द असावेत असं वाटतं, पण शब्द एकच आहे.

मूळ लॅटिन ‘पार’, म्हणजे समान. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘पेर’ झालं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने बंडखोर सरदारांना दिलेल्या हक्कांच्या सनदेच्या, ३९व्या कलमात याचंच लॅटिन रूप आहे, ‘परिउम सुओरुम’: स्वतंत्र माणसाला कैद करायचं तर त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याने किंवा देशाच्या कायद्याने. या सरदारांना आपला न्याय आपल्या पंक्तीतल्यांकडूनच हवा होता. सरदार एकमेकांचे पीअर. पुढे ‘एकमेकांचे’ गळून पडलं आणि उरला नुसता मानाचा किताब. त्यातही ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी उतरंड! उमरावांचा गंभीर गुन्ह्यांचा खटला उमरावांपुढेच चालवण्याची प्रथा थेट १९४८ मध्ये कायद्याने बंद झाली.

‘डिस्पॅरेज’ हे याच घरातलं. आज त्याचा अर्थ हिणवणं. पूर्वी मात्र खालच्या दर्जाच्या घरात लग्न लावून देणं. मॅग्ना कार्टाचंच सहावं कलम सांगतं की वारसांची लग्नं अशी कमीपणा आणणारी नसावीत.

माझा सर्वात लाडका नातेवाईक ‘अम्पायर’. जुनं फ्रेंच ‘नोंपेर’: जो जोडीत नाही तो, दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्रजीत ‘अ नूंपेर’ म्हणता म्हणता न पुढच्या शब्दातून सुटून मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘अॅन अम्पायर’ झालं. ‘एप्रन’चाही न असाच गेला.

डोळे बारीक करून बघणं या अर्थाचं क्रियापद ‘पीअर’ मात्र वेगळ्या मुळाचं आहे. त्याला इथे ओढू नये.

भाषांतरात हमखास चूक होते ती ‘समवयस्क’ची. ‘पीअर प्रेशर’ला तो चालून जातो, कारण तिथे बहुधा वयानेच बरोबरी ठरते. ‘पीअर रिव्ह्यू’त मात्र पंचविशीतला संशोधक साठीतल्या प्राध्यापकाचा लेख तपासू शकतो, तिथे ‘समकक्ष’ हवं. संगणकांच्या ‘पीअर टू पीअर’ जाळ्यात तर वयाचा प्रश्नच नाही: प्रत्येक यंत्र देणारंही आणि घेणारंही. ‘पीअरलेस’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अजोड.