पाहुणे माझे, कर्ज कंपनीचं

२०२५ च्या जूनमधे विजय मल्ल्याचा तो चार तासांचा पॉडकास्ट आला ना, तो मी एका रविवारी बाबांबरोबर बघितला. म्हणजे बाबा बघत होते आणि मी मधेमधे ऊठबस करत होतो. बाबा सरकारी बँकेतून रिटायर झालेत, शेवटची काही वर्षं वसुलीला होते, त्यामुळे कर्ज थकवलेला माणूस बोलायला लागला की त्यांचे कान आपोआप टवकारतात.

पाऊण तास झाल्यावर म्हणाले, "थकबाकीदार दोन प्रकारचे असतात. एक आपल्याला बघून मागच्या दाराने सटकतो. दुसरा आपल्याला बसवून घेतो, चहा सांगतो आणि त्याच्यावर किती अन्याय झालाय ते ऐकवतो. पहिल्याकडून पैसे निघतात."

मल्ल्या दुसऱ्यातला. आणि मला खरंच वाटतं की तो तिथे बसून नाटक करत नव्हता. लोक म्हणतात किती बिनधास्त खोटं बोलतो, पण मला उलटंच वाटलं, ह्या माणसाला मनापासून पटलंय की आपलं काही चुकलं नाही, आणि हे खोटं बोलण्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे.

२००७ साली मी ऑफिसच्या पैशाने मुंबई-दिल्ली मल्ल्याच्या किंगफिशर एअरलाइन्सने गेलो होतो. तोपर्यंत विमान म्हणजे माझ्यासाठी एसटीच, फक्त वरून जाणारी. इथे लाल ड्रेसमधल्या मुली, सीटच्या मागे स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर स्वतः मालक. सांगत होता की स्टाफ मी स्वतः निवडलाय आणि तुम्ही माझ्या घरी आलेले पाहुणे आहात असं समजून तुमची खातिरदारी करायला त्यांना सांगितलंय. मी चक्क सरसावून बसलो. घरी येऊन फुकट मिळालेलं पेन सगळ्यांना दाखवलं, हसू नका.

तर ते "माझ्या घरी" लक्षात ठेवा, कारण पुढे २०१२ मधे एअरलाइन बंद पडली, बँका मागे लागल्या, २ मार्च २०१६ ला हा माणूस लंडनला निघून गेला आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, मी एक रुपयाही कर्ज घेतलं नाही, कर्ज घेतलं किंगफिशर एअरलाइन्सने. मी फक्त गॅरंटी दिली होती. म्हणजे पाहुणे माझे आणि कर्ज कंपनीचं! सायकॉलॉजीत याला काहीतरी नाव असेलच, पण आपल्याकडे पोरगा पास झाला की माझा आणि नापास झाला की तुझा, हे घरोघरी चालतंच की.

पण मल्ल्याच्या बाबतीत गंमत अशी की "मी" आणि "कंपनी" यातली रेघ पुसायची ही त्याच्या धंद्याची गरजच होती. मूळ धंदा दारूचा, आणि आपल्याकडे दारूची सरळ जाहिरात करता येत नाही. मग काय करायचं, तर त्याच नावाने पाणी विका, सोडा विका, कॅलेंडर काढा (२००३ पासूनची ती कॅलेंडरं आपल्या अतुल कसबेकरने शूट केलेली), २००८ मधे आयपीएलची टीम घ्या आणि तिला व्हिस्कीच्या ब्रँडवरून नाव द्या, फॉर्म्युला वनमधे उतरा. आणि सगळ्यात स्वस्त जाहिरात म्हणजे मालक स्वतः. त्याची दाढी, त्याची यॉट, त्याच्या पार्ट्या, सगळं पेज थ्रीवर फुकट छापून यायचं. वडील विठ्ठल मल्ल्या याच्या अगदी उलट, कमी बोलणारे, काटकसरी, शांतपणे कंपन्या गोळा करणारे. ते १९८३ मधे अचानक गेले आणि २७ व्या वर्षी हा चेअरमन झाला. २७ व्या वर्षापासून ज्याला जग सांगतंय की तूच ब्रँड आहेस, त्याला पन्नाशीत कोण सांगणार की बाबा रे, हे विमान आता खाली उतरव?

२००८ मधे तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत गेलं, नंतर मंदी आली, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण त्याच वर्षी इंटरनॅशनल फ्लाइट्सही सुरू झाल्या, आणि त्या लवकर सुरू करता याव्यात म्हणून तोट्यातली एअर डेक्कन आधीच गळ्यात बांधून घेतलेली. पॉडकास्टमधे म्हणतो की मी एअरलाइन छोटी करायला निघालो होतो, प्रणव मुखर्जींनी नको म्हटलं. असेलही. मुखर्जी आता उत्तर द्यायला नाहीत.

मला जे अजिबात पचत नाही ते वेगळंच. ऑक्टोबर २०१२ ला एअरलाइनचं लायसन्स सस्पेंड झालं, तेव्हा स्टाफचे महिनोन्‌महिने पगार झालेले नव्हते, म्हणजे त्याच ड्रेसमधल्या, त्याने म्हणे स्वतः निवडलेल्या मुली. आणि डिसेंबरात वाढदिवसाला हा तिरुपतीला तीन किलो सोनं वाहून आला. मग डिसेंबर २०१५ ला साठी, गोव्यात कांदोळीच्या बंगल्यावर, गायला एन्रिके इग्लेसियास. आपल्याकडे ऋण काढून सण करणारे कमी नाहीत, पण ते निदान उसनं हसतात. याला मात्र त्यात काही विसंगत वाटलंच नसणार, कारण पार्टी बंद म्हणजे ब्रँड बंद, आणि ब्रँड बंद म्हणजे तोच बंद.

आता त्याच्या बाजूने जे आहे तेही लिहितो. डीआरटीने, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणाने, ठरवलेलं कर्ज ६२०३ कोटी अधिक व्याज, आणि सरकारनेच संसदेत सांगितलं की १४१३१ कोटींची मालमत्ता बँकांना परत मिळवून दिली. म्हणून तो विचारतो, मग मी चोर कसा? फरार म्हणा, पण चोर का म्हणता? हा प्रश्न अगदीच फालतू नाहीये. पण याचं उत्तर कोर्टात मिळतं, आणि कोर्ट मुंबईत आहे. त्याला भारतात परत पाठवायच्या केसमधे आर्थर रोड तुरुंगाच्या १२ नंबर बराकीत उजेड येतो की नाही याचा व्हिडिओसुद्धा आपल्या लोकांनी लंडनच्या कोर्टाला पाठवून झाला.

बाबांना यातल्या कशाचं फारसं काही वाटलं नाही. ते अडकले भलतीकडेच. मी सहज बोलून गेलो की बँकांनी किंगफिशर हे नावच तारण म्हणून घेतलेलं, हजारो कोटी किंमत धरून, आणि २०१६ मधे लिलावाला काढलं तेव्हा ३६६ कोटींनाही कोणी बोली लावली नाही. बाबांनी व्हिडिओ पॉज केला. दोनदा विचारलं, नाव? नुसतं नाव? त्यांच्या सगळ्या नोकरीत सोनं, जमीन, ट्रॅक्टर, एकदा एका पिठाच्या गिरणीची मोटर, एवढंच तारण बघितलेलं.

मग बराच वेळ स्क्रीनवर थांबलेल्या मल्ल्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आणि त्या व्हॅल्युएशनवर आपल्याकडून सही कोणी केली?"